बंगळूरच्या बारात अक्काचं भडंग

आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला आणि दिवस मावळल्यावर घासही न खाणारा माणूस बंगळूरचे बार हिंडून आला, हे ऐकून आमच्या गावात लोक हसतात. हसू देत. सहा दिवसांत मी जेवढे बार पाहिले तेवढे या हसणाऱ्यांपैकी एकानंही पाहिलेले नाहीत. काहींनी तर फक्त उसातली हातभट्टी पाहिली आहे, तीही वाकून. मी जे पाहिलं ते सांगण्याजोगं आहे, म्हणून लिहितो.

माझं नाव नेमगोंडा. गाव मिरजेपासून पूर्वेला, एसटीनं पाऊण तासावर. थोडा ऊस, थोडी हळद. घर जैनांचं, त्यामुळं दिवेलागणीच्या आत आमची जेवणं उरकतात. पाणी, चहा, सोडा मात्र मी रात्री पितो. तेवढी सूट मी माझी मलाच दिली आहे.

घरात माझी थोरली बहीण असते, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा गेला आणि ती माहेरी आली. तेव्हापासून तिनं कांदा-लसूण सोडला, पण भडंग करायचं शिकली, आणि असं शिकली की मिरजेच्या स्टँडवरचा दुकानदार आठवड्याला दोन डबे उचलायचा. मोठे चिरमुरे, आमच्याच रानातले शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट आणि लसूण. लसूण ती नाकाला पदर लावून कुटायची. चव कधीच घ्यायची नाही, अंदाजावर सगळं बरोबर जमायचं.

तो दुकानदार दिवाळीत दुकान बंद करून लेकाकडं निघून गेला. अक्काची कढई दोन महिने पालथी पडली. मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, "नेमू, मी सासरी जाते. हितं बसून किती दिस खायचं?" सासरी तिचं कोण होतं? एक दीर, तोही बोलायला आला की कुत्र्यानं अंगणात यायचं नाही असा. तिथं ती शेणामातीतच संपली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अशात हणमंताचं कार्ड आलं. हा कोरेगाव तालुक्यातला गडी. फौजेत पंधरा वर्षं काढून सुटला आणि बंगळुरात एका बारच्या दारावर दरवान म्हणून राहिला. आमची ओळख मिरजेच्या दवाखान्यातली. त्याचा बाप आणि माझे वडील शेजारशेजारच्या खाटांवर महिनाभर होते, आणि अक्का रोज दोघांचा डबा न्यायची. ते तो विसरला नव्हता. कार्डात लिहिलं होतं : इकडं रोज बार असतात. बारला भडंगासारखं काही तरी लागतंच. अक्काच्या भडंगाचे पाच डबे घेऊन ये, मी गिऱ्हाईक बघून देतो.

कार्ड मी मोठ्यानं वाचलं. अक्का सुपात शेंगदाणे निवडत होती. तिचा हात थांबला.

"रोज बार? पौषात बी लग्नं व्हत्यात तितं?"

आता आमच्याकडं बार दोनच. एक तंबाखूचा, चुना लावून दाढेत धरतात तो. दुसरा लग्नाचा, 'औंदा पोराचा बार उडवून टाकू' म्हणतात तो. दारू मिळते त्या जागेला आम्ही गुत्ता म्हणतो. अक्कानं तिला माहीत असलेला चांगला बार धरला. मी तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं. पण तिच्या तोंडावर जे आलं ते मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या मधल्या भावाच्या लग्नात, ऐन अक्षतांच्या वेळी ती कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसून होती. मी दारातनं पाहिलं आणि तसाच पुढं गेलो. त्या बाईला आता आपल्या हातचं लग्नाच्या पंगतीला जाणार असं वाटत होतं.

"मोठं शहर हाय अक्का," मी म्हणालो. "सगळ्या जातीधर्माची माणसं. लग्नं व्हत असत्यात."

हे माझं खोटं. ते पाच डब्यांबरोबर बंगळूरपर्यंत गेलं.

बंगळूर स्टेशन

मिरजेहून निघून गाडीत रात्र काढली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की डबे मांडीवर घेऊन झोपता येतं. बंगळूर स्टेशनवर एका धिप्पाड हमालानं ते पंधरा किलो तेलाचे पत्र्याचे डबे बघितले, पाय रोवले, दम धरला आणि पहिला डबा असा जोरात उचलला की स्वतःच मागं जाऊन एका बाईच्या वळकटीवर बसला. आत भडंग, वजन ते कितीसं असणार. आजूबाजूचे हसले, तोही हसला. मग पाचही डबे एकट्यानं डोक्यावर आणि खांद्यावर लादून राजासारखा चालत गेला.

म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक होऊन दोन-तीन महिने झाले होते. पाट्यांवरचा रंग अजून ओला वाटत होता. आणि काय ते शहर! रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं, इतकी की दुपारी बारा वाजता सावलीतनं चालावं. जानेवारीत अंगावर स्वेटर. मला कानडी येतं, पण ते आमचं सीमेवरचं, रांगडं. इथलं मऊ. मी रिक्षावाल्याला पत्ता विचारला तर तो इतका गोड हसला की माझं कानडी ऐकून हसला हे कळायला मला पुढचा चौक लागला.

हणमंता कॅन्टोन्मेंटात, त्याच्या बारच्या मागं एका खोलीत राहतो. सहा फूट उंच, मिशा तेल लावून वर वळवलेल्या. मला बघून म्हणाला, "आलास व्हय गड्या. अक्का बरी हाय न्हवं?" पहिल्यांदा अक्काचं विचारलं, मग माझं.

उभ्याचा बार

पहिल्या दिवशी सहाच्या आत दोन डोसे खाऊन घेतले आणि हणमंतानं मला मार्केटजवळच्या एका बारात नेलं. त्याची ड्यूटी आठला सुरू व्हायची.

मी गुत्ता धरून गेलो होतो : अंधार, वास, शिव्या, चिखलात लोळणारा एखादा. इथं लख्ख दिवे. बाटल्यांच्या फळीवर देवाचा फोटो आणि त्याला ताजा शेवंतीचा हार. खुर्ची एकही नाही. भिंतीला धरून छातीच्या उंचीवर काळ्या दगडाचा कट्टा, त्यावर पेला ठेवायचा आणि उभ्यानं प्यायचं. हमाल, बस ड्रायव्हर, कोटातला कारकून, सगळे खांद्याला खांदा लावून. आपल्याकडं दारूला परमिट लागतं आणि त्यावर प्रकृतीच्या कारणासाठी असं लिहिलेलं असतं. इथं कुणाची प्रकृती कुणी विचारत नव्हतं. माणूस येतो, घेतो, लिंबाची फोड चोखतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो आणि पाव तासात घरी जातो. कारकुनाला हमालानं मीठ दिलं आणि कारकुनानं ते त्याच्या तळहातावरनं चिमटीनं घेतलं. आमच्या गावात एका विहिरीवर पाणी भरायची मारामार, आणि इथं हे. मला खरंच बरं वाटलं.

मालक जाडजूड, कपाळाला भस्म, आवाज हळू. हणमंतानं ओळख करून दिली आणि मी पहिल्या डब्याचं झाकण उचकटलं.

आत भडंगावर केळीचं पान आणि पानावर लाल खणाच्या कापडाची, हातानं शिवलेली, लिंबाएवढी पिशवी. मला वाटलं अक्कानं हिंग बांधून दिला असेल. सोडून बघितलं तर तांदूळ. हळदी-कुंकवात रंगवलेले.

"एन्री इदु?" मालकानं विचारलं. हे काय हो, असं.

काय सांगणार. मी पिशवी खिशात टाकली आणि भडंग पुढं केलं. त्यानं मूठभर घेतलं, डोळे मिटून चावलं, परत घेतलं. शेंगदाण्याला मान हलवली. तिखटाला हलवली. मग डोळे उघडून म्हणाला, "बेळ्ळुळ्ळी इल्ल."

लसूण नाही.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी ते खाऊन बघू शकत नव्हतो, दिवस मावळला होता. डबा नाकाशी नेला. कढीपत्ता आला, खोबरं आलं, पिठीसाखरेचा गोडसर वास आला. लसणाचा नाही. मालकानं दोन गिऱ्हाइकांना चाखायला दिलं. दोघांनीही तेच सांगितलं, एकानं तर मोठ्या सहानुभूतीनं. मालक म्हणाला, हात चांगला आहे, लसूण घालून आणा, आठवड्याला दोन डबे घेतो, गाडीनं पाठवत जा.

बाहेर आल्यावर हणमंता रस्त्यातच थांबला. "अक्का लसूण कशी विसरली रं? आन् ती पिशवी कसली?"

मी पिशवी काढून दाखवली. सगळं सांगितलं. अक्का विसरली नव्हती. लग्नाच्या पंगतीला सगळ्या तऱ्हेची माणसं येतात, नेमाची येतात, म्हाताऱ्या बायका येतात, म्हणून तिनं मुद्दाम लसूण वगळला होता आणि त्याच्या बदली खोबरं-साखर जास्त घातली होती. आणि आपल्या डब्यापाठोपाठ आपल्या अक्षताही कुणाच्या तरी डोक्यावर पडाव्यात म्हणून त्या शिवून दिल्या होत्या. पाच डबे, पाच लग्नं.

हणमंतानं मिशीवरनं हात फिरवला. मग म्हणाला, "तू लय वंगाळ केलंस."

"व्हय."

"लसूण घाल म्हून सांगायचं तर लगीन न्हाई म्हून सांगाय लागंल."

हीच अडचण होती. अक्कानं घरात मानानं राहायचं तर हे गिऱ्हाईक हवं. गिऱ्हाईक हवं तर लसूण हवा. आणि लसूण मागायचा म्हणजे तिच्या तोंडावरचं ते हसू मी माझ्या हातानं पुसायचं.

झाडाखालचा बार

दुसऱ्या दिवशी एक फजिती झाली. दुपारभर मी उल्सूर तळ्याकाठी बसलो. पाण्यावर बगळे, पलीकडं फौजेच्या पोरांची कवायत. आमच्या कृष्णेला असा निवांत काठ नाही, तिथं कायम कुणाचं तरी म्हैस धुणं चालू. बसलो तो बसलोच. धावत हॉटेलात पोचलो, थाळी समोर आली, आणि खिडकीतनं बघतो तर दिवस गेलेला. वाढपी म्हणाला, सांबार गार होतंय. मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हात जोडून थाळी दिली. तो अजून माझ्याकडं बघत असेल.

असा उपाशी मी त्या संध्याकाळी दुसऱ्या बारात गेलो, आणि तिथं तर खाण्याचा सण. जुना साहेबी बंगला, पुढं मोठं झाड, झाडाखाली वेताच्या खुर्च्या, फांद्यांना कंदील टांगलेले. काचेच्या कानवाल्या मगात बियर. आणि बायका! नवऱ्यासोबत आलेल्या, मैत्रिणींसोबत आलेल्या. केसांत मोगरा माळलेली एक बाई पेला हातात धरून मोठ्यानं हसत होती आणि आजूबाजूचा एकही पुरुष मान वळवून बघत नव्हता. बघत होतो तो मी. हणमंतानं कोपरानं ढोसलं, "डोळं खाली घे. हे मिरजेचं स्टँड न्हवं."

एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे एकटेच बसले होते. वाढप्यानं न सांगता त्यांच्यापुढं एक मग ठेवला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं दुसरा. हणमंता म्हणाला, त्यांचा दोस्त मागच्या साली वारला, तरी दुसरा मग येतो. म्हातारे आपला मग संपवतात आणि दुसरा वाढप्याला देतात.  मला माझ्या वडिलांची पारावरची रिकामी जागा आठवली. तेवढ्यात शेजारी भजी आली आणि पोटानं मला परत जागेवर आणलं.

इथल्या मॅनेजरनंही भडंग खाल्लं, वाखाणलं, आणि लसणाचं तेच सांगितलं. दुसरी पिशवी खिशात गेली. तिसऱ्या दिवशी आणखी दोन बार झाले. एक नुसता ट्रकवाल्यांचा, तिथं एक पंजाबी मला चहा पाजल्याशिवाय सोडेना. दुसरा विमानाच्या कारखान्यातल्या कामगारांचा, तिथं कॅरम चालला होता आणि मी एक डाव जिंकलो. दोन्हीकडं उत्तर एकच. चार डबे उघडून झाले, चार पिशव्या खिशात.

हणमंताचा बार

हणमंता स्वतः ज्या दारावर उभा असतो तो बार मी शेवटी पाहिला. रात्रीचा हणमंता वेगळाच असतो. लाल फेटा, छातीवर पितळी बटणं, पाठ ताठ. दार असं उघडतो की आत जाणाऱ्याला आपण कुणी तरी आहोत असं वाटावं. मलाही वाटलं, आणि मी तर नुसता लिंबू-सोडा पिणार होतो.

आत मंद दिवे आणि पुढं चौथऱ्यावर बँड. पियानो, ढोल, आणि डिसूजा नावाच्या पन्नाशीच्या माणसाच्या हातात तुतारीसारखं पितळी वाद्य. झुळझुळीत झग्यातली एक बाई इंग्रजीत गात होती. शब्द कळले नाहीत, पण कुणी तरी गेलंय आणि ती वाट बघतेय एवढं कळलं. आमच्याकडं फडावर बाई गाते तेव्हा शिट्ट्या, दौलतजादा, नाव घेऊन ओरडणं. मी पण शाळेत असताना ओरडलोय, खोटं कशाला बोलू. इथं गाणं संपेपर्यंत माणसं गप्प होती, आणि संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईनं मान लववली आणि पाणी प्यायली. एवढंच. आपल्या गावात हे कधी होईल असं वाटून मला जरा खिन्न वाटलं.

एका गिऱ्हाइकाला जास्त झाली. तो टेबलावर हात आपटायला लागला. हणमंता आत आला, त्याच्यासमोर खाडकन सलाम ठोकला आणि म्हणाला, "साब, गाडी तैयार है." त्या माणसानं कोट नीट केला, उलट सलाम केला आणि शहाण्यासारखा बाहेर गेला. हणमंतानं त्याला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला घर सांगितलं. मी म्हणालो, गड्या, हे कुठं शिकलास? म्हणाला, "दारू प्यालेल्या मानसाला ढकललं की त्यो भांडतो. मान दिला की जातो."

मधल्या सुट्टीत डिसूजा बाहेर विडी ओढायला आला. हणमंतानं त्याला धरलं. त्या दोघांचं हिंदी एक फौजेचं, एक कॅन्टोन्मेंटचं, पण बरं जुळायचं. शनिवारी डिसूजाच्या पोरीचं लग्न होतं. सकाळी चर्चमध्ये, आणि संध्याकाळी जेवण-नाच याच बारात, मालकानं त्या दिवशी बार बाहेरच्यांना बंद ठेवून हॉल डिसूजाला दिला होता. हणमंता हे दोन दिवस पोटात ठेवून होता.

"अक्काच्या अक्षता परत न्यायच्या न्हाईत," तो मला म्हणाला. "पाचवा डबा उघडू नगंस."

शनिवार

पौषातलं लग्न मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. रोज जिथं पेले लागायचे त्या कट्ट्यावर पांढरी चादर, फुलं, तीन मजली केक. डिसूजा काळ्या कोटात, डोळे लाल. हणमंताला आज दारावर उभं राहायचं नव्हतं तरी फेटा बांधून उभा राहिला.

सगळ्यांत पुढं, चौथऱ्याला लागून, उंच पाठीच्या खुर्चीत डिसूजाची आई बसली होती. ऐंशीची असेल. काळा झगा, डोक्यावर काळी जाळी, हातात काठी. मी हणमंताला विचारलं, काळं का? म्हणाला, नवरा मेल्यापासनं ती काळंच घालते, तीस वर्षं झाली.

विधवा बाई, काळ्या कपड्यांत, आणि नवरा-नवरीसाठी ठेवलेल्या जागेच्या समोर, पहिल्या खुर्चीत. कुणी तिला उठवलं नाही. उलट जो येईल तो आधी तिच्यापुढं वाकत होता. मी तिथं उभा राहिलो आणि मला आमची कोठीची खोली दिसली, ते पोतं दिसलं, आणि दारातनं पुढं गेलेले माझे पाय दिसले. त्या गर्दीत मला माझी लाज वाटली.

पाचवा डबा उघडला. पाचवी पिशवी निघाली. मी पाचही पिशव्या घेऊन म्हातारीपुढं गेलो.  हणमंता आला आणि बोलला : ये चावल इनकी बहन ने भेजा है, शादी के लिए, दूर से.

म्हातारीनं एक पिशवी सोडली, रंगलेले दाणे बोटांत फिरवले. "बहन क्यूँ नहीं आया?"

हणमंतानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "विधवा है."

म्हातारीला आधी समजलंच नाही. विधवा आहे म्हणून का आली नाही, हे तिला हणमंतानं दोनदा सांगितलं तेव्हा उमगलं. मग ती काठी टेकून उठली. डिसूजा धावला, तिनं त्याला हातानं बाजूला केलं. नवरा-नवरी दारातनं आत येत होते. तिनं काठी खुर्चीला लावून पाचही पिशव्या आपल्या ओंजळीत रिकाम्या करून घेतल्या, चालत गेली आणि सगळ्यांच्या आधी त्या अक्षता दोघांच्या डोक्यावर टाकल्या. परत येताना माझ्यापाशी थांबली.

"बहन को बोलना. मैं भी विधवा है. मेरा हाथ से डाला."

त्यानंतर बँड वाजला, डिसूजा रडत रडत वाजवत होता, आणि अक्काचं बिनलसणाचं भडंग तासाभरात संपलं. पोरांनी खिशात भरून नेलं. म्हातारीला दात नव्हते, ती नुसती खोबरं वेचून खात होती.

घरी

अक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली नाही, पण सूप बाजूला सरकवलं. "झाली का लग्नं?"

गाडीत मी पन्नास वेळा ठरवलं होतं की एकच लग्न सांगायचं आणि बाकीचं गिळायचं. तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. "अक्का, तकडं बार म्हंजे लगीन न्हवं. दारू प्यायची जागा. मला म्हाईत हुतं. म्या खोटं बोललो." मग उभ्याचा बार सांगितला, दोन मगांचे म्हातारे सांगितले, बेळ्ळुळ्ळी सांगितली. ती शेंगा फोडत राहिली. मग डिसूजाची पोर सांगितली आणि म्हातारी सांगितली. पाच रिकाम्या पिशव्या तिच्यापुढं ठेवल्या.

तिचे हात थांबले. "म्होरं बसली व्हती?"

"अगदी म्होरं."

"कुनी उठीवली न्हाई?"

"न्हाई. समद्यांच्या आदी तिनंच टाकल्या."

अक्कानं एक पिशवी उलटी केली. शिवणीत एक लाल दाणा अडकला होता, तो नखानं काढला आणि तळहातावर ठेवला. मी वाट बघत होतो की आता सासरचं काढते का काय.

"गावठी लसूण आण," ती म्हणाली. "बारक्या पाकळीचा. पिणाऱ्याच्या जिभंला जोर लागत आसंल."

"आनतो."

"आन् दर खेपंला एक डबा बिनलसणाचा भरीन."

"त्यो कशाला? तितं रोज लग्नं न्हाईत, अक्का."

"रोज न्हाईत. पर व्हत्यात की."

वैशाखात आमच्या धाकट्या बंडूचं लग्न ठरलंय. तेव्हाच बोलायचं असं मनाशी घेऊन आलो होतो, ते तिथंच बोलून टाकलं. "बंडूच्या लग्नात अक्षतांच्या वक्ताला तू म्होरं उभी ऱ्हायाचं. भावकीला मी बघतो."

ती उठली. शेंगा गोळा केल्या, सूप उचललं, आत निघाली आणि उंबऱ्यात वळली.

"त्या म्हातारीला बी बोलीव. एकटी म्होरं उभी ऱ्हायाला लाज वाटंल मला."

काल हणमंताला कार्ड टाकलं. लसणाचे डबे कधी निघतात ते लिहिलं, आणि डिसूजाच्या आईला वैशाखाचं निमंत्रण लिहिलं. बार हा शब्द कुठंही वापरला नाही. सरळ लग्न असं लिहिलं.